बातमीआधी बातमीची वाट: ताब्यातल्या मुलखात वर्तमानपत्र कसे चालते

नांदेडच्या एका संशोधक विद्यार्थ्याने विचारले आहे: युद्धात परक्या फौजेने एखादा मुलूख ताब्यात घेतला की तिथली वर्तमानपत्रे आणि रेडिओ ती नेमकी कशी काबूत ठेवते? लोक त्या प्रचारावर खरेच विश्वास ठेवतात का? आणि आपल्याकडच्या १९४७-४८ च्या निजामी काळातले अंक पुरावा म्हणून वापरताना यातून काय घ्यावे?

माझी उमेदीची सगळी वर्षे मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेली. आता जुने अंक कसे वाचावेत हे शिकवतो. त्यामुळे उत्तर अंक काढणाऱ्या माणसाच्या बाजूने देतो, कारण या विषयावरचे बहुतेक लिखाण भाषणे आणि भित्तिपत्रके यांच्याभोवतीच फिरते. अंक काढणाऱ्याला पहिली चिंता भाषणाची नसते. कागद आला का, परवाना शिल्लक आहे का, तार कुठून येते, वीज किती वाजेपर्यंत आहे, हे आधी बघावे लागते. ताबा घेणारी सत्ता नेमक्या याच गोष्टींवर हात ठेवते. पाटाचे मुख्य दार हातात असले की प्रत्येक शेताच्या बांधावर पहारा ठेवावा लागत नाही, तसे हे काम चालते. खोटे छापून घेणे ही त्यानंतरची पायरी आहे आणि पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

कायद्याची बाजू लवकर संपते, पण माहीत असावी. १९०७ च्या हेग नियमांतले ५३ वे कलम ताबा घेणाऱ्या फौजेला बातम्या पाठवण्याची साधने जप्त करू देते. ती खासगी मालकीची असली तरी चालतात. अट एवढीच की तह झाल्यावर ती परत द्यायची आणि भरपाई ठरवायची. म्हणजे तारयंत्र किंवा रेडिओ काढून घेणे हे युद्धाच्या कायद्याला मान्यच होते. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने ५१ व्या कलमात एक मर्यादा घातली. ताब्यातल्या लोकांना आपल्या सैन्यात 'स्वेच्छेने' भरती करण्यासाठी दबाव किंवा प्रचार करायचा नाही. आधीच्या युद्धात असा प्रचार किती झाला होता, ते या कलमावरूनच दिसते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. जर्मनीने १९४० मध्ये हॉलंड घेतले तेव्हा तिथली सगळी वर्तमानपत्रे बंद केली नाहीत. आधी वृत्तसंस्था ताब्यात घेतली. देशभरच्या छोट्या दैनिकांना बातम्या तिथूनच येत, त्यामुळे एक कचेरी हातात आली की शंभर पाने आपोआप सारखी दिसू लागतात. मग १९४१ मध्ये पत्रकारांना नोंदणी सक्तीची झाली. नोंद नाही तर नोकरी नाही. मालक तोच, संपादकाची खुर्ची तीच, फक्त त्या खुर्चीवर कोण बसेल हे दुसरा ठरवणार. फ्रान्समध्ये कागदाचा कोटा हे हत्यार होते. अंक आक्रसत एका पानाच्या दोन बाजूंवर आले. दोन बाजूंत सरकारी निवेदन, आघाडीची बातमी, शिधावाटपाची सूचना आणि निधनवार्ता बसवल्या की संपादकाकडे स्वतःचे म्हणून काही मांडायला जागाच उरत नाही. लिहून आलेल्या लेखाला कात्री लावण्यापेक्षा लेख लिहायलाच जागा न ठेवणे सोपे पडते.

फ्रान्सच्या दक्षिणेत जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंचांच्या व्हिशी सरकारची रीत वेगळी होती. तिथे रोज संपादकांकडे सूचना यायच्या. ही बातमी पहिल्या पानावर, इतक्या कॉलमांत, मथळा अमुक. ती बातमी आत, एका कॉलमात, टिप्पणीशिवाय. बर्लिनमध्येही रोजची पत्रकार बैठक आणि १९४० नंतर 'आजचा आदेश' अशी पद्धत होती. डेस्कवर काम केलेल्या माणसाला हे वाचताना धक्का बसतो, कारण बातमी कुठे बसते यावर वाचक तिला किती वजन देतो हे ठरते, आणि हे गुपित त्या कारकुनांना पक्के ठाऊक होते. बातमी खरी असेल, पण ती सातव्या पानाच्या तळाशी, बाजारभावाखाली गेली की तिचे काम तमाम होते.

ताबा घेणारी सत्ता जुनी नावे का टिकवते, हे नीट समजून घ्या. माणसाला सकाळच्या अंकाचे नाव, त्याचा टाइप, कोड्याची जागा यांची सवय असते. ती सवय विकत मिळत नाही. बेल्जियममध्ये 'ल स्वार' हे नावाजलेले दैनिक मालकांनी बंद केले, तर जर्मनांच्या परवान्याने दुसऱ्यांनी ते त्याच नावाने काढले. लोक त्याला 'चोरलेले ल स्वार' म्हणत. ९ नोव्हेंबर १९४३ ला प्रतिकार चळवळीतल्या लोकांनी त्याच्यावर उलटा डाव टाकला. हुबेहूब तशाच मांडणीचा, तशाच टाइपातला, पण आतून सगळा जर्मनांची खिल्ली उडवणारा अंक त्यांनी छापला. सुमारे ५० हजार प्रती निघाल्या आणि त्यातल्या काही थेट दुकानांत नेहमीच्या गठ्ठ्यांच्या जागी गेल्या. संध्याकाळी लोकांनी नेहमीप्रमाणे पैसे देऊन अंक घेतला आणि घरी जाऊन उघडला. जी सवय चोरली होती, तीच त्या दिवशी चोरणाऱ्याच्या विरुद्ध वापरली गेली. त्या अंकामागची पुष्कळ माणसे पकडली गेली. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि मुलांना आधी छपाईचा विचार करायला लावतो. एवढा कागद कुठून आणला असेल? खिळे कोणी जुळवले? गठ्ठे कोणी बदलले? प्रतिकार करायचा तरी कारखान्यातली माणसे लागतात.

रेडिओचे तसे नव्हते. तो घरात असतो आणि लहरी सीमा मानत नाहीत. पोलंडमध्ये जर्मनांनी १९३९ मध्येच रेडिओसंच जमा करून घेतले, नॉर्वेत १९४१ मध्ये, हॉलंडमध्ये मे १९४३ मध्ये. पोलंडमध्ये संच बाळगण्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती आणि रस्त्यांवर भोंगे बसवले होते. लोक त्या भोंग्यांना 'भुंकणारे' म्हणत. फिलिपिन्समध्ये जपान्यांनी दुसरी युक्ती केली. संच राहू द्यायचे, पण दूरचे केंद्र लागू नये म्हणून त्यातली शॉर्टवेव्हची गुंडाळी काढून घ्यायची. जावा बेटावर संचांना सील ठोकले आणि चौकाचौकांत सार्वजनिक भोंगे लावले.

हॉलंडमधला परिणाम मात्र सत्तेला अपेक्षित नव्हता. रेडिओ गेल्यावर लोकांची बातम्यांची भूक कुठे गेली नाही. चोरून ठेवलेल्या थोड्या संचांवर लंडनचे प्रसारण ऐकायचे, ते टाइप करायचे, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या आणि वाटायच्या, असे पत्रकांचे पीकच आले. युद्धभरात तिथे हजाराहून जास्त नावांची बेकायदा पत्रे निघाली. काही एका गल्लीपुरती, काही देशभर जाणारी. सेन्सॉरने एक वाट बुजवली तर लोकांना दुसरी वाट चालणे भाग पडते, आणि त्या वाटेवर सेन्सॉरची काहीच नजर नसते.

यंत्रणेत काम करणाऱ्या माणसांकडे अभ्यासक फार दुर्लक्ष करतात. जपानच्या दोमेई वृत्तसंस्थेची जकार्त्याला कचेरी होती. जपान्यांच्या बातम्या जगात पोचवण्यासाठी ती होती, पण तिथे काम करणारे पुष्कळजण इंडोनेशियन होते. १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा याच कचेरीतल्या लोकांनी ती बातमी तारेवर चढवून बाहेर पाठवून दिली. जपानी अधिकाऱ्यांना कळेपर्यंत ती गेलेली होती. ज्या यंत्राने तीन वर्षे लोकांचे तोंड बांधले, त्याच यंत्रातून ही बातमी बाहेर पडली, कारण यंत्रावर बसलेला माणूस आतून वेगळा होता. आपल्याकडे १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला. त्यांना यंत्र स्वतः उभे करून जागा बदलत फिरवावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये ते पकडले गेले. पण दोन्हीकडे बातमीची एक वाट सत्तेच्या हातातून निसटली होती.

लोक विश्वास ठेवतात का? माझ्या वाचनात आणि अनुभवात याचे सरळ उत्तर 'कमी' असे आहे. वाचक मूर्ख नसतो. १९४३ पासून जर्मन निवेदनांत 'आघाडी आखूड केली', 'आखलेल्या योजनेनुसार माघार' असले शब्द यायला लागले. लोकांनी भिंतीवर नकाशा लावला आणि गावांची नावे बघायला सुरुवात केली. काल ज्या गावाजवळ 'शूर प्रतिकार' चालू होता, ते गाव आज पश्चिमेला शंभर मैल सरकले असेल तर विशेषणे काहीही म्हणोत, गोष्ट उघड होती. निवेदनात विशेषणे खोटी घालता येतात. गावांची नावे फार दिवस खोटी घालता येत नाहीत, कारण त्या गावातून आलेला जखमी शिपाई कुणाच्या तरी घरी परततो.

पण विश्वास बसला नाही म्हणजे प्रचार फसला, हा निष्कर्ष घाईचा आहे. ताब्यातल्या मुलखात प्रचाराला तेवढीच अपेक्षा नसते. माणसाला एकटे पाडता आले, 'बाकीचे सगळे गप्प बसलेत, मीच कुढतोय' असे त्याला वाटले, की काम झाले. लंडनहून रात्री फ्रेंच भाषेत येणाऱ्या प्रसारणाचे महत्त्व त्यातल्या लष्करी माहितीपेक्षा याच्यात होते. त्याच चाळीत आणखी कुणीतरी दार लावून तेच ऐकतो आहे, हे माहीत असणे मोठी गोष्ट होती. आणि त्या प्रसारणाने पराभवही सांगितले. सिंगापूर पडले, तोब्रुक पडले, हे दडवले नाही. म्हणून पुढे विजय सांगितले तेव्हा ते लोकांना पटले.

याच्या दुसऱ्या टोकाला रशियन फौजेने घेतलेले युक्रेनमधले मारियुपोल शहर आहे. २०२२ च्या मे महिन्यात, शहराला पाणी नाही, वीज नाही, तेव्हा रशियन अधिकाऱ्यांनी मोठे पडदे लावलेल्या गाड्या आणून चौकात सरकारी वाहिन्यांच्या बातम्या चालू केल्या. खेरसोनमध्ये त्यांनी आधी दूरचित्रवाणीचा मनोरा घेतला, मग इंटरनेटची जोडणी क्रिमियाकडून वळवली, म्हणजे युक्रेनच्या संकेतस्थळांची वाट बंद आणि स्वतःच्या चाळणीतून जाणारी वाट सुरू. नोव्हेंबरमध्ये माघार घेताना तो मनोराच उडवून दिला. ऐंशी वर्षांत तंत्र बदलले, क्रम मात्र तोच राहिला. वाट, मग माणूस, मग मजकूर.

आता सर्वांत अवघड भाग. प्रचार म्हणजे खोटे, असे समजून तुम्ही अंक वाचायला बसलात तर कातीनपाशी अडकाल. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी जाहीर केले की स्मोलेन्स्कजवळ कातीनच्या जंगलात हजारो पोलिश लष्करी अधिकाऱ्यांचे पुरलेले मृतदेह सापडले आहेत आणि ते सोव्हिएत पोलिसांनी १९४० मध्ये मारले. हे खरे होते. सगळ्या ठिकाणांची मिळून संख्या सुमारे २२ हजारांच्या घरात जाते. सोव्हिएत सरकारने हे १९९० पर्यंत नाकारले. आणि हे सत्य सांगणारे कोण? तर ज्यांच्या हाताखाली त्याच पोलंडमध्ये छळछावण्या चालू होत्या ते. त्याच महिन्यात, १९ एप्रिलला, वॉर्सातल्या ज्यूंच्या कोंडलेल्या वस्तीत उठाव झाला आणि तो चिरडण्याचे काम हेच जर्मन करत होते.

वॉर्सातल्या परवानाधारी पोलिश वर्तमानपत्रांना लोक 'सरपटणारी' म्हणत. देशभक्त माणूस ती विकत घेणे कमीपणाचे समजे. पण कातीनच्या बळींची नावे त्या पानांवर येऊ लागली. ज्यांचे वडील, नवरा, भाऊ १९३९ पासून बेपत्ता होते, त्यांनी काय करायचे? ते अंक विकत घेतले गेले. घरातल्या माणसाचे नाव शोधत स्त्रिया ती पाने वाचत होत्या. भूमिगत पत्रांची तर कोंडी झाली. शत्रू मित्राविषयी खरे बोलतो आहे आणि ते खरे आपण नाकारावे तर आपल्याच लोकांशी खोटे बोलल्यासारखे होते, मान्य करावे तर शत्रूचा डाव जिंकतो. जर्मनांचा हेतू दोस्त राष्ट्रांत फूट पाडण्याचा होता आणि तो काही प्रमाणात साधलाही. २५ एप्रिलला सोव्हिएत सरकारने लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारशी संबंध तोडले.

मी हे इतके सांगतो याचे कारण आहे. तुमच्या प्रबंधात तुम्ही 'प्रचार' आणि 'सत्य' असे दोन रकाने कराल, तर ही नोंद कुठल्याच रकान्यात बसणार नाही. कोण सांगतो, कधी सांगतो, कशासाठी सांगतो आणि त्याच वेळी काय दडवतो, हे चार प्रश्न खऱ्या बातमीलाही विचारावे लागतात. मृतांच्या कुटुंबांना त्या बातमीवर जो हक्क होता, तो ती कुणी छापली म्हणून संपत नाही.

भूमिगत पत्रांबद्दल मला फार आदर आहे, तरी त्यांना वेगळी कसोटी लावू नका. हॉलंडमधल्या 'ट्राउ' या भूमिगत पत्राची २३ माणसे १९४४ मध्ये जर्मनांनी पकडली आणि चालकांना निरोप दिला: अंक बंद करा, यांना जीवदान देतो. चालकांनी बंद केले नाही आणि त्या माणसांना ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. एवढ्या किमतीवर निघालेला कागद हातात घेताना कुणाचेही हात थरथरतील. पण त्याच पत्रांतून अफवा गेल्या, शत्रूचे नुकसान फुगवून लिहिले गेले, आपल्यातले वाद झाकले गेले. जिवावर उदार होऊन छापलेले ते सगळेच अचूक, असे होत नाही. त्याग हा लेखकाचा पुरावा आहे, आकड्याचा नाही.

आणि चांगल्या बाजूचे सैन्य ताबा घेते तेव्हाही ही यंत्रणा लागते. अमेरिकेने १९४५ मध्ये जपानमध्ये वृत्तपत्रांसाठी नियमावली आणली आणि पूर्वतपासणी सुरू केली. अणुबॉम्बच्या परिणामांबद्दल मोकळे लिहिता येत नव्हते. सगळ्यांत बोलका नियम असा की सेन्सॉर आहे हेच वाचकाला कळता कामा नये. कापलेल्या मजकुराच्या जागी कोरी पट्टी ठेवायची नाही, टिंबे द्यायची नाहीत, जागा भरून काढायची. आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीत काही दैनिकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा त्या कोऱ्या जागेतून संपादक वाचकाला काहीतरी सांगत होता. पुढे १९७६ मध्ये देशातल्या चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' केली गेली. युद्धही नव्हते, परका ताबाही नव्हता, तरी हात वृत्तसंस्थांवर पडलाच.

आता मराठवाडा. हैदराबाद संस्थानाला 'परकीय ताबा' म्हणणे काटेकोर अर्थाने बरोबर नाही. आसफजाही राज्य सव्वादोनशे वर्षांचे होते आणि निजाम मीर उस्मान अली खान कायदेशीर राजा होता. पण सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या तेरा महिन्यांत बातमीच्या वाटा बंद करण्याची जी पद्धत इथे दिसते, ती वर सांगितलेल्या क्रमाशी जुळते. फक्त तिची मुळे बरीच जुनी आहेत. सभेला आधी परवानगी लागण्याचा 'गश्ती निशान ५३' हा हुकूम बऱ्याच आधीपासून होता. संस्थानातल्या लोकांची हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये निघाली ती बंदीतच. त्याच १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढले, पण पुण्याहून, कारण संस्थानात असले पत्र काढणे शक्य नव्हते. त्याला संस्थानात बंदी झाली. मग बंदी एका नावावर असते हे ओळखून तेच पत्र नवनव्या नावांनी निघत राहिले. ताबा घेणारी सत्ता जुने नाव टिकवते, कारण नावाला सवय चिकटलेली असते असे मी वर म्हटले. इथे त्याच्या नेमके उलट झाले. नाव सोडले आणि वाट राखली. वाचकाला मजकुरावरून पत्र ओळखू येत होते. बेकायदा पत्र चालवण्याची ही पद्धत मला युरोपातल्या कुठल्याही उदाहरणाइतकीच बुद्धिमान वाटते, आणि तिच्यावर अजून पुरेसे काम झालेले नाही.

इथे भाषेचा पदरही ध्यानात घ्या. कचेरी, न्यायालय, विद्यापीठ सगळे उर्दूत. मराठवाड्यातल्या खेड्यात लिहिता-वाचता येणारा माणूस मोजका. त्यामुळे छापील अंकावरून लोकमत मोजायला जाल तर फसाल. खेड्यात बातमी आठवडी बाजारातून येत होती, दवंडीतून, मेळ्यातून, कीर्तनातून, आणि सरहद्दीपलीकडे बार्शी, सोलापूर, उमरखेड, वाशीमकडे पळून गेलेल्या आणि रात्री परत आलेल्या माणसांकडून. आमच्या घरातली म्हातारी माणसे 'रझाकारीत', म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धुमाकुळात, असा शब्द वापरून काळ सांगत, तारीख सांगत नसत. या तोंडी वाटा निजाम सरकारला बुजवता आल्या नाहीत आणि स्टेट काँग्रेसलाही पूर्णपणे हाकता आल्या नाहीत. तिथे खऱ्या अत्याचारांच्या बातम्याही होत्या आणि भयाने फुगलेल्या अफवाही.

छापील उर्दूतही आवाज एकच होता असे समजू नका. शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचे नाव तुमच्या प्रबंधात यायलाच हवे. ते 'रयत' या उर्दू दैनिकात होते. सरकारने ते बंद केले. मग त्यांनी 'इमरोज' काढले आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे, रझाकारांना आवरावे असे उघड लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये काही मुस्लिम प्रतिष्ठितांनी निजामाला सामीलीकरणाचा सल्ला देणारे निवेदन काढले, तेही त्यांनी छापले. २१-२२ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या आणि हात तोडला. वय अठ्ठावीसच्या आत. मारेकऱ्यांना लिहिणाऱ्या हाताची भीती होती हे त्या कृत्यातूनच कळते. जे लोक आज तो काळ फक्त हिंदू विरुद्ध मुसलमान असा सांगतात, त्यांच्या गोष्टीत हा माणूस बसत नाही, म्हणून तो विस्मरणात ढकलला जातो. माझी विनंती आहे, त्याला पुन्हा मध्यभागी आणा.

प्रचार दोन्ही बाजूंनी होता. भारत सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादवर श्वेतपत्रिका काढली, निजाम सरकारने त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. दोघेही जगाला उद्देशून बोलत होते. हैदराबादचा रेडिओ सरकारच्या हातात होता. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून फौजा नळदुर्गवर आल्या, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातल्या माणसाला नकाशाची गरज नव्हती. १७ तारखेच्या संध्याकाळी त्याच रेडिओवरून खुद्द निजामाने शस्त्रे थांबवल्याचे सांगितले.

पुराव्याचा प्रश्न इथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो. १७ सप्टेंबरनंतर वाटा उघडल्या, असे आपण शाळेत शिकतो. काही उघडल्या. पण त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झाले, ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षी फिरून पाहिले. समितीचा अंदाज संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा होता, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांना तो सहज वाचायला मिळाला २०१३ च्या सुमारास. मुक्तिसंग्राम आमच्यासाठी अभिमानाचा आहे, माझ्यासाठीही आहे. रझाकारांनी केलेले जाळपोळ, खून, लूट खरे आहेत. आणि हे दुसरेही खरे आहे, ते दडवले गेले हेही खरे आहे. तुम्ही नांदेडचे आहात, म्हणून तुमच्यावर याची जबाबदारी जास्त येते.

प्रत्यक्ष काम असे करा. सप्टेंबर ते डिसेंबर १९४८ चे अंक घ्या, पुण्या-मुंबईचे मराठी, हैदराबादचे उर्दू आणि मिळतील ते इंग्रजी. प्रत्येक दिवसाचे एकाच तारखेचे अंक शेजारी ठेवा. अग्रलेख शेवटी वाचा. आधी बघा की अंकाची पाने किती, बातमीखाली कोणत्या संस्थेचे नाव, गावाचे नाव दिले आहे की 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच. मग छोट्या जाहिराती, निधनवार्ता, धान्याचे भाव, रेल्वेच्या सूचना वाचा. सत्ता या मजकुराकडे फार लक्ष देत नाही, कारण तो खोटा छापला तर तिचीच गैरसोय होते. संचारबंदी कुठल्या तालुक्यात किती दिवस होती हे अशा सूचनेतून कळते, आणि त्या तालुक्याचे नाव पहिल्या पानावर आलेच नसेल तर ती तुमच्या प्रबंधातली एक नोंद झाली. त्यानंतर त्याच गावात जा. हिंदू घरात विचारा, मुसलमान घरात विचारा, दलित वस्तीत विचारा, आणि तिघांनाही आधी तारीख विचारू नका. पेरणी झाली होती का, पोळा होऊन गेला होता का, रमजान संपला होता का, असे विचारा. माणसे त्यावरून काळ सांगतात आणि तो तुम्ही अंकाच्या तारखेशी ताडून बघू शकता.

जी माणसे हे सांगू शकतील, ती आता नव्वदीच्या आसपास आहेत. तेव्हा अभिलेखागाराच्या परवानगीचा अर्ज टाका आणि उत्तराची वाट न बघता त्याच आठवड्यात गावांकडे निघा. अंक पुढच्या वर्षीही कपाटात मिळतील.